दुसऱ्या टोकाला कोण

खोकं अजून उघडलेलं नाही.
अचाओच्या दवाखान्यात, कोठाराच्या कोपऱ्यात,
बटाट्यांच्या पोत्याला टेकून
ते तीन दिवस बसून आहे,
बूट न काढता दारातच थांबलेल्या पाहुण्यासारखं.

पोर्तो मोंतहून फॅक्स आला. दोन पानं, नुसते रकाने.
वर ठळक अक्षरांत:
सगळं भरल्याखेरीज राउटरला वीज देऊ नये.
काम माझ्याकडे आलं, कारण मी एकदा
डॉक्टरांच्या व्हिडिओ प्लेयरचं घड्याळ लावून दिलं होतं.
एरवी मी केसपेपर लिहिते, बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवते.

सर्किट क्रमांक.
फोन कंपनीतली बाई म्हणाली, तुमच्याकडेच असेल.
असता तर तुम्हाला कशाला विचारलं असतं, बाई?
मग तिनं बराच वेळ कुठलीशी कपाटं उघडली, मिटली,
आणि अकरा आकडे सांगितले भराभर.
आठवा 'त्रेस' होता की 'सेइस',
तीन की सहा, खरखरीत कळेना.
पुन्हा विचारेपर्यंत फोन ठेवलेला.
मी दोन्ही लिहिले, एकावर एक.
आता तिथे एक गाठ दिसते.

जोडणी कुठल्या प्रकारची?
टॉर्च दातांत धरून फळीच्या भिंतीमागे शिरले.
कंपनीचा करडा डबा, त्याला रुंद सॉकेट.
भोकं मोजली, तेहतीस.
पुन्हा मोजली, चौतीस.
एकात कोळ्यानं घर केलं होतं.

पत्ता आणि मास्क सान्तियागोच्या इंजिनिअरनं दिले,
हे शेंबड्या पोरालाही कळतं, अशा आवाजात.
मास्क म्हणजे काय, मी विचारलंच.
तो जरा थांबला. म्हणाला, कुंपण समजा.
तुमचं इतकं लहान आहे की आत दोघंच मावतात.
एक तुम्ही. एक पलीकडचा.
पलीकडचा कोण?
ते माझ्या कागदात नाही, म्हणाला.

क्लॉक कोण देणार, याचं उत्तर कुणालाच येईना.
दोन एलेउतेरिओ कार्कामोंकडे गेले.
त्यांनी दाल्काउएपासून खांब पुरलेत,
आता शिंपले धुरावतात.
हात पुसायची तसदी न घेता फॉर्म पाहिला,
त्यावर अंगठ्याचा तेलकट डाग अजून आहे.
"घड्याळ त्यांचं, पोरी.
या बेटावर वेळ कुणी ठरवली कधी?
फेरी तिच्या मर्जीनं येते,
आपण धक्क्यावर उभे राहतो."
मी लिहिलं: बाहेरून.

उरला शेवटचा रकाना:
दुसऱ्या टोकाच्या संपर्काचं नाव.

मोठ्या इस्पितळात सात ठिकाणी फोन फिरला.
स्वयंपाकघरातही गेला एकदा.
रात्री साडेनऊला तळघरातून कुणीतरी उचलला.
प्रयोगशाळा, मिर्ता ओयार्सून.
मी काय हवंय ते सांगू लागले, तर ती हसतच सुटली:
तोच कागद घेऊन मीही परवापासून बसलेय,
तोच रकाना कोरा.

आम्ही नावं सांगितली, एकेक अक्षर सुटं करून.
मग ती म्हणाली, थांब.
अचाओच्या नळ्यांवरच्या चिठ्ठ्या कोण लिहितं?
मी, म्हटलं. का?
सातला मधे आडवी रेघ मारतेस. आणि तारखेखाली दोन.

चार वर्षं.
बर्फाच्या डब्यात, फेरीच्या इंजिनाशेजारी,
माझं अक्षर तिच्याकडे जात होतं.
तिकडून नुसते निकाल यायचे, टंकलेले,
खाली एक शिक्का.
शिक्क्यामागे हात असेल, हे मला सुचलंही नव्हतं.

मी विचारलं, तुझ्याकडे सर्किट क्रमांक आहे?
तिनं सावकाश वाचला.
आठव्यापाशी मी अडवलं.
तीन, ती म्हणाली.
एक, दोन, तीन मधला तीन.

गाठ खोडली. तीन लिहिला, ठळक.
पासवर्डचा रकाना अजून मोकळाच आहे,
त्याचं सोमवारी बघू, म्हणाली मिर्ता.

खोकं तर उघडायचंच आहे.
त्याआधी ते पोतं हलवायला हवं;
खालच्या बटाट्यांना मोड आलेत.