एकवीस शेकडे

कारखान्याचा भोंगा परवा शेवटचा वाजला,
म्हणजे वाडं बंद.
जयपालनं दूध संस्थेचं कॅलेंडर उलटं केलं
आणि कोऱ्या बाजूला मांडलं:
चार दुभत्या, एक गाभण, एक भाकड,
दोन रेडकं मिळून एक.
सात तोंडं. तोंडाला चार पेंढ्या.
मृगाला छप्पन दिवस,
वर पंधरवडा, गवत दाताला लागेपर्यंत.
दोन हजाराला चाळीस कमी.

अण्णा आकड्यांकडं बघत नाहीत.
पहाटे गोठ्यात जातात,
म्हशीच्या डाव्या कुशीत पंजा दाबतात,
खळगा किती खोल ते बघतात,
तेवढी वैरण ओढतात.
"गाभणीला चारात भागतंय व्हय रं?
आन् भाकडीला चार कशाला?"
जयपालनं खोडलं, लिहिलं,
बेरीज तेवढीच आली.

मग शेवटच्या खुंट्याशी अण्णा वाकतात.
तिथली चंद्री दिवाळीत नांदणीच्या बाजारात गेली.
दोन पेंढ्या सोडतात, पसरतात,
थोडा वेळ उभे राहतात.
शेजारची भाकड मान लांबवून
निम्मं खाते, निम्मं तुडवते.
आई रोज बघते,
रोज झाडते, बोलत नाही.

जयपालनं खाली एक ओळ वाढवली:
नासाडी, रोज दोन.
सत्तर दिवसांच्या एकशेचाळीस.
व्हळीत सहाशे शिल्लक आहेत.
जतच्या गाडीवाल्याला फोन लावला,
"पंधरा शेकडे टाक.
न्हाई, साडेतेरा न्हाई,
पंधराच.
आणि भिजलेला कडबा आणू नकोस गेल्या वर्षीसारखा."