एकतिसावी खुंटी

सान हुआनच्या डोंगरात, चार हजार दोनशे मीटरवर
दगडांची एक जीभ खाली उतरते,
वर्षाला हातभर.
वरून बघाल तर नुसता खच, राखाडी, कोरडाठाक,
गवताची काडी नाही.
पण एलेउतेरियो ग्वाकिंचाय म्हणतो,
"खाली काहीतरी आहे. नाहीतर जानेवारीत
माझ्या जर्दाळूंना पाणी कोण पाजतं?"

तेवढंच मोजायला आलोय आम्ही.
काहीतरी म्हणजे किती.

अठ्ठेचाळीस पोलादी खुंट्या, पाच-पाच मीटरवर,
फटी शोधून ठोकलेल्या.
कोरड्या दगडात वीज शिरत नाही,
म्हणून प्रत्येक खुंटीच्या पायाशी एक स्पंज,
मिठाच्या पाण्यात भिजवलेला.
तिसऱ्या दिवशी आमचं मीठ संपलं.
एलेउतेरियोनं काही न बोलता
स्वयंपाकाच्या पिशवीतलं काढून दिलं.

नेलिदा बॅटरी जोडते.
वीज निघते, एका खुंटीतून दुसरीकडे,
जितकं अंतर लांब तितकी खोल.
ओल्या मातीतून ती माहेरी आल्यासारखी चालते.
बर्फापाशी अडते.
पडद्यावर जांभळा डाग उमटतो,
विरोध लाखाच्या घरात.
मी जवळजवळ ओरडलोच, तर नेलिदा म्हणाली, थांब.
पोकळीपाशीही ती अशीच अडते.

दगडांमधली नुसती हवा,
आणि किती हिवाळ्यांपूर्वी गोठलेलं पाणी,
विजेला दोन्ही एकच भिंत.
डोंगर ताकास तूर लागू देत नाही.

मग घण. आठ किलोचा, आणि तो माझ्या वाट्याला.
खाली पोलादी पत्रा, रेषेत चोवीस जिओफोन
कान टवकारून.
नेलिदा हात वर करते: कुणी हलायचं नाही.
एलेउतेरियो खेचरांची तोंडं धरून उभा.
वाऱ्याला कोण सांगणार.
वारा पडेपर्यंत घण डोक्यावर धरायचा,
मग घाव.

बर्फ असेल तर धक्का सेकंदाला तीन हजार मीटर धावतो.
हवेत तीनशेतीस, रमतगमत.
एका जागी वीस घाव, विसांची बेरीज,
तेव्हा कुठे एक कुजबूज कागदावर येते.
संध्याकाळी माझ्या हाताला चमचा धरवेना.

"किती?" एलेउतेरियोनं विचारलं.
"चाळीस ते साठ टक्के. जाडी वीस मीटर,
थोडी इकडेतिकडे."
"वाईनवाल्यानं असं माप सांगितलं असतं
तर मी पिंप परत पाठवलं असतं."
मग जरा थांबून,
"माझा आजा खुरांच्या आवाजावरून सांगायचा.
इथे पोकळ. इथे भरीव."

नेलिदा हसली नाही. वही उघडून म्हणाली, कुठे?
त्यानं बोट दाखवलं ते आमच्या रेषेच्या बाहेर,
पूर्वेला, जिथवर केबल पुरली नव्हती.

एकतिसाव्या खुंटीचे आकडे मात्र वेडेवाकडे.
कंदील घेऊन गेलो, तर
तोर्कासा नावाचं खेचर डोळे मिटून
दगडावरचं मीठ चाटत होतं,
सावकाश, एखादं काम नेमून दिल्यासारखं.
खुंटी आडवी. स्पंज नाहीच.
एलेउतेरियोनं त्याला शिव्या दिल्या,
आणि मानही खाजवली.

रात्री बकरीच्या रश्शात मीठ नव्हतं.
कुणी तक्रार केली नाही.
नेलिदानं एक घोट घेतला,
वाटी बाजूला ठेवली,
आणि वहीत एकतीस या आकड्यापुढे
रेघ ओढली.