पाठ

पावणीत त्यानं काजूची बाग घेतली
मला न विचारता,
मागल्या सालापेक्षा अकरा हजार चढवून.
तेव्हापासून आम्ही चुलीशी बोलतो,
कोंबड्यांशी बोलतो,
एकमेकांशी नाही.

पहाटे तरी दोघांना त्याच रानात जायचं असतं.
पायरीवर बसून मी त्याची जुनी पँट चढवते,
तिचे पाय मोज्यांत खोचते,
वर रबर, जुन्या डब्यांवरचे.
वाळपईच्या दवाखान्यातली मयुरी
तेलाची बाटली देऊन गेलीय:
घोट्यांना लावा, मानेला, कोपरांना,
डोळ्यांत जाऊ देऊ नका.
वास असा की भाटीवरचा हुर्राक बरा.
तो आपलं लावतो, आणि बाटली ठेवतो
माझ्या हाताला येईल एवढ्या अंतरावर.
बाटली ठेवणं म्हणजे बोलणं नव्हे,
हे आम्ही न बोलताच ठरवलंय.

बागेत पाचोळा पोटरीपर्यंत.
गोचिडाचं पिल्लू तिळाच्या निम्मं.
गवताच्या टोकावर पुढचे पाय उचलून उभं असतं,
कडेवर घ्या म्हणून मूल उभं राहतं ना, तसं.
मला त्याचा धड रागही येत नाही.
पण मी बसत नाही.
बोंडू वेचते ते काठीच्या खिळ्यानं, वाकून,
पेज पिते ती उभ्यानं.

तीन सालांमागं रघल्यानं
फणसाखाली मेलेलं माकड पाहिलं
आणि शेपटीला धरून ओढत नेलं ओहोळापर्यंत,
वास नको म्हणून.
सहाव्या दिवशी ताप.
कपाळाच्या आत कुणी कोयता घासतंय, म्हणायचा.
वाचला.
अजून त्या फणसाचा गरा खात नाही.
म्हणून माकडं वर दंगा करतात
तेव्हा मला बरं वाटतं.
खाऊ देत बोंडू.
अकरा हजारांतले थोडे त्यांचे.

सांजेला भाणात पाणी उकळतं,
कपडे आधी त्यात, मग आम्ही न्हाणीत.
आणि मग ती वेळ.
काखा, जांघा, बेंबी ज्याची त्यानं बघावी,
पण पाठ कुणाची कुणाला दिसते?
कंदिलापेक्षा फोनची बॅटरी बरी.
तो पाटावर बसतो, माझ्याकडे पाठ करून,
आणि मी रागात असले तरी
प्रत्येक तीळ बोटानं ढकलून बघते,
हलतो का.
उजव्या खांद्याखाली भाजल्याचा डाग,
खाणीवर ट्रक होता तेव्हाचा.
ट्रक गेला. डाग मी इतक्या जवळून
पहिल्यांदाच पाहिला.

मग जागा बदलायची.
काल त्याची बोटं माझ्या केसांत
कानामागं येऊन थांबली.
श्वासही थांबला असावा, मानेवर लागेना.
फोन दातांत धरून त्यानं चिमटा घेतला.
रॉकेल नाही, काडी नाही, पिरगळणं नाही,
कातडीला टेकवून, तोंडाशी पकडून, सरळ वर.
हे सगळं त्याला पाठ आहे, हे मला ठाऊक नव्हतं.
"हालूं नाका," तो म्हणाला,
फोन दातांत, म्हणून शब्द अर्धेच.
एकवीस दिवसांतले पहिले.

साबणाच्या पाण्यानं जागा धुतली,
कानामागचं बोट जरा जास्तच वेळ राहिलं.
मग तो उठून कॅलेंडरपाशी गेला:
दहा दिवसांत ताप आला तर
चावल्याची तारीख सांगावी लागते.
कालच्या चौकटीत त्याच्याच अक्षरात
आधीपासून होतं: दुसरा हप्ता.
त्याखाली त्यानं माझं नाव लिहिलं.
पेन तिथंच धरून उभा राहिला.

"हप्त्याचं काय?" मी विचारलं.
"दहा दिस जांव दी," तो म्हणाला,
आणि माझी पँट, म्हणजे त्याची,
काठीनं उचलून
उकळत्या भाणात सोडली.