शेऱ्याचा रकाना

डी मॉइनला, सातव्या मजल्यावर,
व्हर्ना लिंडक्विस्ट जुन्या यंत्राची एकटी दुभाषी.
काळा पडदा, हिरवी अक्षरं,
अठ्ठ्याहत्तर सालची आज्ञावली.
ती लिहिणारे सगळे आता मातीत,
किंवा फ्लोरिडात.

गारपिटीनं छप्पर गेलं की
चेक निघायचा एकोणीस दिवसांनी.
तोवर ताडपत्रीखालची माणसं
फोनवर तिलाच विचारत: निघाला का?
ती म्हणायची, निघाला, वाटेत आहे.
कधी कधी खोटं.

मग करार झाला. टालिनहून दोघं आले,
कारेल आणि मेर्ले, पाठीवर सॅक.
त्यांनी यंत्राचा नकाशा मागितला.
तिनं स्वतःच्या कपाळावर बोट ठेवलं.

आठ महिने, रकान्यामागून रकाना
नव्या घरी नेताना
मेर्ले एका जागी अडली.
शेरा. चाळीस अक्षरं.
'डावा कान बंद. सहानंतर फोन.'
'नवरा वारला. नाव काढू नये.'
'कुत्रा चावतो, बाई नाही.'

हे कुठे ठेवायचं? करारात नव्हतं.
व्हर्ना कॉफी ढवळत राहिली,
साखर केव्हाच विरघळली होती.
मेर्लेनं रकाना वाढवला. दोनशे अक्षरं.

जूनमध्ये ह्रुस्काबाईंचं स्वैपाकघर उघडं पडलं.
भिंत अजून टपकत होती
आणि फोन किणकिणला: पैसे जमा.
बाईंना कळलंच नाही.
फोन डाव्या बाजूला होता.

सहा वाजून दहा मिनिटांनी
व्हर्नानं नंबर फिरवला,
मोठ्यानं, सावकाश सांगायला,
की वाटेत वगैरे काही नाही,
पोचलेत.