भविष्यातल्या फायली

रात्री अकरा-दहाला बिल्ड पडलं.
लॉगमध्ये एकच ओळ, चारशे बारा वेळा:
ही फाइल भविष्यातली आहे.
मी आधी चहा ओतला,
मग तीच ओळ पुन्हा वाचली.

जालन्यात, जुन्या एमआयडीसीत, बियाण्याच्या गोदामावर
पत्र्याच्या खोलीत आमचा सर्व्हर बसतो.
खाली बाजरी, तूर, सरकी.
वर नऊ वर्षांचा कोड.
दोन्ही कोरडं ठेवावं लागतं,
दोन्हीला उंदीर लागतात.
दुपारी त्रेचाळीस डिग्री होतं, चारला लाइट गेली,
पाचला इन्व्हर्टरनंही मान टाकली.
सहाला सगळं आपलं आपण उठलं.
घरघर तीच, हिरवे दिवे तेच,
म्हणून कोणी बघितलं नाही
सर्व्हर नेमका कुठं उठला ते.

मी शोधत बसले भलतीकडंच.
डिस्क एक्क्याण्णव टक्के भरलेली. चालेल.
लेबलच्या फायलीवर एक कुलूप सापडलं,
मालक: वैजनाथ घुले.
तो दीड वर्षापूर्वीच हिंजवडीला गेला,
कुलूप इथंच ठेवून.
फोन केला. झोपेतच म्हणाला,
"तोड की. मला कामून विचारू राहिली?"
तोडलं.
बिल्ड पुन्हा पडलं, त्याच ओळीवर.

मग कोणती ओळ कोणाची, ते काढलं.
नाव येतं त्यात, तारीख येते, लपवाछपवी नाही;
आमच्या गल्लीत इतकं खरं कोणी बोलत नाही.
पहिल्या पानावर सगळीकडं माझंच नाव.
बरं.

सकाळी आठला खालचं प्रिंटर सुरू होणार होतं.
बाजरीची अकराशे पाकिटं,
प्रत्येकावर लॉट नंबर, उगवणशक्ती, तपासणीची तारीख,
आणि कधीपर्यंत पेरावं ते.
तारीख म्हटल्यावर हात थांबले.
सर्व्हरलाच विचारलं, आज काय आहे?
तो म्हणाला, एक जानेवारी २००९,
सकाळचे साडेसात.

बाहेरचं नेट बंद, कोणाला विचारून खात्री करावी
तर त्याला कोणी नव्हतं.
फायलींचं काही चुकलं नव्हतं.
तोच मागं जाऊन बसलेला,
आणि तिथून बघितलं तर खरंच
आमचं सगळं व्हायचंच होतं अजून:
वैजनाथचं येणं, त्याचं जाणं,
माझं लग्न,
माझं परत येणं,
आणि चारशे बारा फायली.

तारीख हातानं घातली.
दोन-वीसला बिल्ड उभं राहिलं.
पण पुढच्या वेळी लाइट गेली की हा पुन्हा तिथंच जाणार.
उघडून बघितलं तर आत बटणाएवढा एक सेल,
काडेपेटीत टाकून उजाडताच
सिंधी बाजारात हफीजभाईंचं दार वाजवलं.

त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, मग मीटर.
"मेला हा. कोणाचं घड्याळ?"
सर्व्हरचं, म्हटलं.
"दाखवतो वेळ?"
दाखवत नाही, नुसती धरून ठेवतो.
"मग कळणार कसं? बंद पडलेलं लोक आणतात माझ्याकडं.
चुकीचं चालणारं कोणी आणत नाही."
चाळीस रुपये. मेलेला सेल ठेवून घेतला,
कशाला ते मी विचारलं नाही.

आठला पाकिटं बरोबर निघाली.

एक राहिलं.
काल सहा-चाळीसला प्रज्वला साळवेनं काम जमा केलं होतं,
मार्चमध्ये लागलेली, तिची पहिलीच नोंद:
"उगवनशक्ती" चं "उगवणशक्ती" केलं.
क्रमांक सात हजार एकशे चौदा,
तारीख एक जानेवारी २००९.
पहिल्या नोंदीच्याही आधीची.
म्हणजे कोडची पहिली ओळ लिहायच्या आत
त्यातलं शुद्धलेखन तिनं सुधारून ठेवलेलं.

तारीख बदलता येते. एक आज्ञा पुरते.
तिला बोलावून दाखवलं.
ती म्हणाली, "ताई, राहू द्या."
राहू दिली.