खिळा आणि पिशवी

पहाटे पावणेचारला रुझारचा फोन:
"बाय, तुझी यादी अडतिसाव्या घरापाशी मेली."

पर्वरीहून स्कूटर काढली.
हळदोण्यात भट्टी पेटलेली, पीठ फुगून परातीच्या काठावर,
आणि कोपऱ्यातल्या टेबलावर माझा प्रोग्राम
लाल अक्षरांत एकच वाक्य धरून बसलेला:
ओळ चौऱ्याहत्तर. ग्राहक नल आहे. नलचा पत्ता वाचता येत नाही.

"नळ?" रुझार म्हणाला. "उदक येना?"
नळ नव्हे रे, नल.
"म्हणजे शून्य?"
शून्यही नव्हे.
शून्य पोळ्या मागणारं घर असतं,
त्याला दार असतं, दारात कुत्रं असतं,
आतून कुणीतरी ओरडतं, आज नको, कालच्या उरल्यात.
"मग हें कितें?"

पाव तास बोलले मी.
संदर्भ, निर्देश, स्मृतीतली जागा...
त्याच्या बोटांवरचं पीठ सुकून भेगाळलं.
मग तोच म्हणाला,
"आमकां हें खबर आसा. पिशवेची गजाल ही."

पदेर सायकलवरून उतरत नाही.
गेटाच्या खिळ्याला पिशवी असते,
अंधारात हात आपोआप जातो,
पैसे काढतो, उंडे सोडतो, हॉर्न दाबतो, पुढे.
पिशवी रिकामी असली तरी चालतं,
रिकाम्या पिशवीला तळ असतो.
पण पिशवीच नसेल
आणि हात सवयीनं सुटला
तर चार उंडे चिखलात.
"खिळो आसा, पिशवी ना. तोच मगे तुझो नल?"

तोच.
चार वर्षं इंजिनिअरिंग केलं मी, फी भरून.

अडतिसावी ऑर्डर: दोन पोळ्या, एक काकण, रोज.
ऑर्डर जागच्या जागी होती.
तिचं बोट धरून मागे गेले
तर बोटाच्या दुसऱ्या टोकाला कुणी नव्हतं.
"पिएदादमाय," रुझार भट्टीकडे बघत म्हणाला.
"धुवेनं नेली स्विंडनला, बुधवारी.
नाव मीच काढलं. बटण दाबलं, गेलं."

नाव गेलं. भूक यादीत राहिली.
आणि तिच्यापुढची एकसष्ट घरं,
थेट खोर्जुव्याच्या पुलापर्यंतची,
ज्यांच्या पिशव्या या घटकेला खिळ्यांवर हलत होत्या,
त्यांचं नावच छापलं जाईना.
एक म्हातारी गावातून गेली
म्हणून यंत्र तिच्या गेटापाशी थांबलं ते थांबलंच.
खरं सांगते, क्षणभर मला ते आवडलं.

मग मी एक ओळ लिहिली:
ग्राहक असेल तर. नसेल तर पुढच्या घरी.
प्रिंटर खरखरला. शहाण्णव, सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव.

रुझारनं कागद घेतला नाही.
मैद्याच्या गोणीमागून बापाची वही काढली,
तेलकट, शिवण उसवलेली.
एकही नाव खोडलेलं नाही.
नावापुढे फक्त, तिरक्या अक्षरात, फेशाद.
फेशाद, कुवेत. फेशाद, लग्न.
फेशाद, ताप, आणि खाली छोटा क्रूस.
एका ठिकाणी फेशादवर काट,
शेजारी: परत आला, चार उंडे.

माझी ओळ मी पुसली.
नलच्या जागी एक बंद माणूस घडवला,
ज्याला नाव आहे, पत्ता आहे, गेट आहे,
आणि किती देऊ विचारलं
तर जो न कोसळता सांगतो: काही नको.
पिएदाद, फेशाद, स्विंडन.
पुढे तारीख.

सव्वापाचला रुझार निघाला, मी मागून.
अडतिसाव्या गेटावर उघडा खिळा,
गंजून खाली लाल ओघळ आलेला.
त्याचा हात टोपलीत गेला, थांबला.
कुत्रं आलं तेवढं, शेपूट हलवत, आवाज न करता.
रुझारनं एक पोळी मोडली,
माझ्याकडे वळून विचारलं,
"ही कोणाच्या नांवार घालूं?"

रात्री हिशेबात एक पोळी कमी भरली.
दुसऱ्या रात्री पुन्हा एक.
ती चूक कुठल्या ओळीवर आहे मला ठाऊक आहे.
अजून हात लावलेला नाही.