पुन्हा करून दाखव

डिसेंबरात आम्ही गॅलरीत बसून गराडू खातो,
वर लिंबू, जिरावन, बोटं पिवळी.
निनाद उभा राहिला, खांदे पाडले,
मान जराशी डावीकडे,
आणि म्हणाला, "म-म-म-मॅडम, म-मे आय..."
आजोबांना हसून ठसका लागला.
त्याच्या बाबांनी टाळी दिली.
मी म्हणाले,
पुन्हा करून दाखव.

शनिवारी शाळेत फीची रांग होती.
माझ्यापुढे एक बाई, काखेत हेल्मेट,
तिच्या ओढणीमागे मुलगा.
कारकुनानं नाव विचारलं.
मुलानं ओठ मिटले. मान जराशी डावीकडे.
मी त्याला कधीच पाहिलं नव्हतं
आणि ओळखलं.
नक्कल इतकी हुबेहूब होती.

म. म. म.
कारकून पेन उघडं धरून बसलेला.
मुदित कानूनगो, सातवी ब.
नाव संपलं आणि तो स्वतःच हसला,
कुणी हसायच्या आत,
ढग दिसताच बाई गच्चीवरचे पापड गोळा करते
तसा, घाईघाईनं.

घरी निनादला विचारलं.
"सगळेच करतात."
मग, "माझी सगळ्यात भारी होते."
मग, "तो पण हसतो ना, आई."
मग काही नाही, नुसती बुटाची लेस.

मी रागावणार होते. शब्द तयार होते,
शाळेच्या डायरीत पानाखाली छापतात तसे.
पण जिभेवर अजून ते लिंबू होतं.

वर्गशिक्षिकेनं पत्ता दिला.
का हवाय, विचारलं नाही.

रविवारी छत्रीबागेत गेलो, दोघंच, स्कूटरवर.
मुदितच्या आईनं पोहे पुढे केले.
"इसका कोई दोस्त पहली बार घर आया है."
निनाद शेव निवडत राहिला, एकेक काडी.

ती पाणी आणायला आत वळली,
तेव्हा मुदित माझ्याकडे बघून म्हणाला,
आंटी, म-म-म
मी थांबले.
निनादही थांबला. त्याचे ओठ हलले नाहीत.
त्या मुलाचं एखादं वाक्य
त्यानं पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकलं असावं:
मम्मी को मत बताना.

तुझं नाही सांगत, म्हटलं,
माझं सांगते.
ती ग्लास घेऊन बाहेर आली, समोर बसली.
मी बशी खाली ठेवली
आणि गराडूपासून सुरुवात केली.